रहाटावरचा ठोकळा

प्रोटोटाइपमध्ये चित्रं काढायची नाहीत, असं अश्लेषाने व्हिव्हियनला याही वेळी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. प्रोटोटाइप म्हणजे गेमचा कच्चा नमुना. माणूस हवा तर राखाडी ठोकळा, झाड हवं तरी राखाडी ठोकळाच. अशा ठोकळ्यांशी खेळूनही कुणी आपणहून पुन्हा खेळायला आलं, तरच त्या गेमसाठी पुढची दोन वर्षं घालायची. नाही आलं तर नमुना मोडीत. चित्रं सुंदर असली की लोक चित्रांचं कौतुक करतात आणि गेम रटाळ आहे हे कुणी सांगत नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, चांगलं अंगाशी आल्यावर कळलं होतं.

पण ऐकेल तो व्हिव्हियन कसला. मान डोलावून त्याने रात्रभरात एक विहीर रंगवली. मग विहिरीवर पायाने फिरवायचा रहाट, भोवती केळी आणि मागे चाफा. वेळ संपला म्हणून रहाटावर पाय मारणारा माणूस तेवढा ठोकळाच राहिला. अश्लेषाने ते बघितलं आणि तिला रागवायचासुद्धा कंटाळा आला. राहू दे, म्हणाली.

खरं तर तिला सगळ्याचाच कंटाळा आला होता. दोघांनी चांगल्या नोकऱ्या सोडून नायगावच्या तिच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये संसार थाटावा तसा स्टुडिओ थाटला होता, आणि तेव्हापासून नमुन्यामागून नमुने मोडीत निघत होते. सुरुवातीला एखादा गेम पडला की दोघं वडापाव खाऊन त्याला हसत हसत निरोप द्यायची. हल्ली निरोपही द्यायची नाहीत, नुसता लॅपटॉप बंद करायची. नवरा, जितेंद्र, एका शब्दाने बोलायचा नाही. त्याने बोलावं, असं तिला वाटायचं.

हा गेम व्हिव्हियनचा होता, त्याच्या निर्मळ गावच्या घरचा. केळीच्या वाड्यांमध्ये मिळून एक विहीर, पाण्याच्या पाळ्या लावलेल्या, आणि कुणी हावरटपणे जास्त उपसलं तर पाणी खारट होऊन सगळ्यांचीच केळी जळणार. तशी विहीर त्यांच्या वाडीत खरोखर होती. पुढे पंप आला, रहाट सरपणात गेला, पाणी खारट झालं आणि विहिरीवर स्लॅब टाकला गेला. व्हिव्हियनने रहाट फिरताना कधी बघितलाच नव्हता. आईने सांगितलेल्या गोष्टींवरून त्याने तो काढला होता, आणि त्याची करकर घराच्या गंजलेल्या फाटकावरून उचलली होती.

बंगळुरूच्या एका कंपनीने शब्द दिला होता: लोक परत परत खेळतात एवढं दाखवा, पूर्ण गेमसाठी आम्ही मागे उभे राहतो. शुक्रवारी त्यांच्याशी कॉल होता. जमलं तर स्टुडिओ तरला, नाही तर दोघं पुन्हा नोकरीच्या शोधात. हा शेवटचा नमुना, हे अश्लेषाने मनाशी ठरवून टाकलं होतं.

गेम ओळखीपाळखीच्या लोकांच्या फोनवर टाकला. व्हिव्हियनच्या चंदनसारच्या मित्रांनी एकदा उघडला, 'मस्त आहे यार' असं कळवलं आणि पुन्हा त्याच्याकडे ढुंकून बघितलं नाही. चुलत भावंडांचंही तेच. नमुन्यातून आपोआप येणाऱ्या नोंदीत फक्त एका फोनवर गेम रोज सकाळी उघडत होता, काचेला अधूनमधून स्पर्श होत होता आणि गेम तासन्‌तास चालू राहत होता. तो फोन व्हिव्हियनच्या आईचा, डेल्फिनबाईंचा होता.

व्हिव्हियनला आकाश ठेंगणं झालं. "मम्मीने लाइफमध्ये कधी गेम खेळलेला नाही, अश्लेषा. तिला आवडला म्हणजे कोणालाही आवडेल. अजून काय प्रूफ पाहिजे?"

अश्लेषालाही ते खरं मानायचं होतं, फार मानायचं होतं. पण तिला एक जुनी खोड होती. खेळणाऱ्याचं तोंड ऐकायचं नाही, हात बघायचे. तोंड भिडेखातर बोलतं, हातांना भीड नसते. गुरुवारी सकाळी व्हिव्हियनला न सांगता तिने स्कूटर काढली.

डेल्फिनबाई निर्मळच्या मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या. घरच्यांशी घरची बोली, पण परक्या माणसाशी फळ्यावर लिहावं तसं मराठी बोलायच्या. स्वयंपाकघरात पाटावर बसून त्या माठाची भाजी निवडत होत्या. समोर पिठाच्या डब्याला फोन टेकून ठेवला होता. त्यावर रहाट आपोआप फिरत होता, करकर चालली होती, आणि राखाडी ठोकळा जागच्या जागी वरखाली होत होता. बाईंनी अश्लेषाला चहा दिला, जितेंद्रची चौकशी केली आणि पुन्हा भाजी हातात घेतली.

अश्लेषा त्यांच्या हातांकडे बघत राहिली. हात देठं खुडत होते, जून पानं बाजूला टाकत होते. मध्येच स्क्रीन अंधारला की बाई पदराला हात पुसायच्या, एका बोटाने काचेला स्पर्श करायच्या आणि पुन्हा भाजीकडे वळायच्या. पाण्याची पाळी आली आणि गेली. त्यांनी आपल्या वाडीला पाणी घेतलंच नाही.

आपण ज्याला खेळणं म्हणत होतो, ते हे होतं.

"आंटी, तुम्ही खेळत नाही?" तिने विचारलं.

"सुरुवातीला खेळले. खरं सांगू, बाय? कंटाळा येतो गं त्याचा," बाई म्हणाल्या. "पण हे बघायला बरं वाटतं. मी लग्न होऊन आले तेव्हा क्लेमेंट असेच रहाटावर असायचे, सकाळभर. मी इथेच बसून भाजी निवडायचे. आवाज थोडा बारीक झालाय, पण चालतो."

अश्लेषाने ठोकळ्याकडे बघितलं. व्हिव्हियनचे वडील, क्लेमेंटकाका, जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"व्हिव्हियन म्हणत होता, पुढे त्या माणसाला नाक-डोळे काढणार," बाई म्हणाल्या. "त्याला सांग, नको काढू. चेहरा काढला की दुसरंच कुणी तरी होईल ते."

आजवरच्या सगळ्या नमुन्यांत पहिल्यांदा कुणी तरी तिला तोंडावर खरं सांगितलं होतं, आणि तिला ते ऐकून रडू येत होतं. चहा तसाच राहिला.

नायगावला परतल्यावर तिने व्हिव्हियनला जे बघितलं ते सगळं सांगितलं, काही हातचं न राखता. तो चिडला. कॉलवर हे सांगायची काय गरज, आकडा आपण बनवलेला नाही, फोन खरंच चालू होता, असं त्याचं म्हणणं. खोटं त्यातलं काहीच नव्हतं. अश्लेषाने एक क्षण तसा विचारही केला. मग तिच्या डोळ्यांसमोर पुढची दोन वर्षं आली, कुणीच न खेळणाऱ्या गेमसाठी राबण्याची.

"मी दमलेय रे," ती म्हणाली. "नाही चाललं तर चालेल. पण तुझ्या मम्मीचं बघणं मी त्यांना खेळणं म्हणून विकणार नाही."

शुक्रवारी तिनेच कॉलवर सांगितलं, की लोक परत येत नाहीत. समोरची माणसं सभ्यपणे हळहळली आणि कॉल लवकर संपला.

चाचणी बंद झाली की सगळ्या फोनवरचा नमुना आपोआप बंद पडायचा, तशी सोयच त्यात केलेली होती. व्हिव्हियन बंद करायच्या बटणाशी नुसता बसून राहिला. अश्लेषाने लॅपटॉप आपल्याकडे ओढला. पाळ्या काढून टाकल्या, गुण काढले, खारट होणारं पाणी काढलं. राहिले फक्त विहीर, रहाट आणि ठोकळा. मग तिने स्क्रीन अंधारणार नाही अशी सोय केली आणि तेवढंच डेल्फिनबाईंच्या फोनवर पाठवून बाकी सगळं बंद केलं.

दुसऱ्या दिवशी नोकरीचे अर्ज भरता भरता तिने सवयीने चाचणीची नोंद उघडली. फोन सकाळपासून चालू होता. काचेला एकदाही स्पर्श झालेला नव्हता. बाईंना आता भाजी निवडताना हात पुसावा लागत नव्हता.