रोजची सोळा मिनिटं

शप्पथ घेऊन सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझी जीभ झडो. ज्याला पटणार नाही त्याने आत्ताच उठावं, मध्येच ‘काहीतरीच काय’ म्हणायचं नाही.

तर घंटामावशी लोखंडी दांडा उगारून उभी होती, आणि तास संपायला अजून दोन मिनिटं बाकी होती.

शाळेच्या जिन्याखाली आगगाडीच्या रुळाचा हातभर तुकडा टांगलेला. तीच घंटा. मावशी शाळेतली शिपाई, बावीस वर्षं ती घंटा वाजवत होती, पण कधी एक मिनिट इकडचं तिकडे झालं नव्हतं. मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, पाहुण्यांना सांगायच्या की आमचं घड्याळ चुकेल, मावशी चुकणार नाही. समोरचा शिंपी तिच्या घंटेवर जेवायला उठायचा. फाटकाबाहेर उभ्या राहणाऱ्या बसचा ड्रायव्हर मधल्या सुट्टीचे टोले ऐकले की गाडी सोडायचा. अशा बाईने दांडा पुन्हा घट्ट धरला. तिने एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा वर दुसरीच्या वर्गाकडे, आणि डोळे मिटून दिला टोला ठेवून.

झालं होतं असं, की परीक्षेत पलीकडची शाळा पुढे गेली. मोठ्या बाईंनी मनाला लावून घेतलं आणि अर्ध्या तासाची मधली सुट्टी दहा मिनिटांवर आणली. उरलेला वेळ उजळणीला. आता दहा मिनिटांत पोरांनी नळाला रांग लावावी, डबा उघडावा, की पळावं? तिन्ही करायला जायची, एकही धड व्हायचं नाही. तोंडात घास घेऊन पळायची आणि ठसका लागून परत यायची. आणि भांडणं? मावशीचं बावीस वर्षांचं निरीक्षण होतं: पोरांचं भांडण व्हायला दहा मिनिटं पुरतात, मिटायला आणखी दहा लागतात. मग न मिटलेलं भांडण वर्गात जायचं, आणि बाकाखालून चिमटे, ढुशा, रडारड. पेन्सिली तर कुरतडून संपायच्याच, पण सगळ्या वर्गाची चुळबुळ एवढी, की बाक रोज वीतवीतभर दाराकडे सरकायचे. शाळा सुटली की मावशी ते ढकलून जागेवर न्यायची. हसू नका. कंबर तिची मोडत होती, तुमची नाही.

दुसरीत एक चिमुरडी होती, तिला सगळे भिंगरी म्हणायचे. ती तासातासाला पाणी प्यायला खाली यायची. मावशीने एकदा हटकलं, की एवढी कसली गं तहान तुला.

भिंगरीने नळाकडे पाहिलंसुद्धा नाही. जिन्याच्या खालच्या पायरीवर चढ-उतर करत म्हणाली, “तहान नाही लागली. माझे पाय ऐकत नाहीत. बाई मला ओरडतात, तू पायांना ओरड ना.”

मावशीला हसू आलं आणि लगेच स्वतःची शाळा आठवली. ती स्वतः दुसरीपर्यंतच शिकलेली. पुढे भावंडं कडेवर आली आणि शाळा सुटली. त्या दोन वर्षांतलं पाटीवरचं एक अक्षर तिला आठवत नव्हतं. पण सुट्टीत कोणी कोणाला पकडलं, कोण पडलं, कोणी रडीचा डाव खेळला, ते सगळं काल घडल्यासारखं पाठ होतं.

म्हणून तो टोला. दिवसाचे तास आठ. प्रत्येकातून दोन मिनिटं चोरायची आणि सगळी सुट्टीत घालायची. सुट्टी आठ मिनिटं आधी लागायची आणि आठ मिनिटं उशिरा संपायची. शाळा मात्र भरायची आणि सुटायची ती ठरल्या वेळेला. शिक्षकांचे फोन ऑफिसच्या कपाटात, वर्गात घड्याळ नाही, आणि घंटा तर काय, मावशीची. कोण बघतो?

बघत होते एकटे गणिताचे सर. त्यांच्या मनगटावर घड्याळ होतं. घंटेशी जुळेना म्हणून ते त्यांनी घड्याळजीला दाखवलं. त्याने उघडून पुसून परत दिलं. आठवड्याने सर पुन्हा गेले, तेव्हा तो वैतागून म्हणाला, की सर, घड्याळ ठणठणीत आहे, तुमची शाळाच तपासून घ्या.

मैदानावर पोरं घाम येईस्तोवर पळायची, भांडायची, रुसायची आणि घंटेच्या आत गळ्यात गळे घालून परत यायची. पण मावशीचं मात्र बूड कुठे टेकेना. सरांच्या बुटांचा आवाज आला की दांडा पदराखाली. घरी जेवताना दोन घास झाले की उठून घड्याळ बघून यायची. सून म्हणाली, “आई, तुमच्या पाटाला खिळे आहेत का?”

एकविसाव्या दिवशी मोठ्या बाईंनी पाणी मागवलं म्हणून मावशी तांब्या घेऊन गेली, तर ऑफिसात बसचा ड्रायव्हर उभा आणि त्याच्याभोवती चार घामाघूम प्रवासी. बस तीन आठवडे वेळेआधी सुटते, धावत आलं तरी सापडत नाही, एकाची तर नोकरी जायची वेळ आली. आता ड्रायव्हरविरुद्ध लेखी तक्रार जाणार होती. ड्रायव्हर एकच पालुपद धरून बसलेला, की मी घंटेवर सोडतो, घंटा चुकत नाही, बाईंनाच विचारा.

मावशी नुसती गप्प राहिली असती तरी भागलं असतं. बावीस वर्षांची पत होती, तिच्यावर कोणी संशय घेतला नसता. तिने तांब्या टेबलावर ठेवला.

“दादांची चूक नाही,” ती म्हणाली. “घंटाच आठ मिनिटं आधी होते.”

मोठ्या बाईंनी तिला सुटायची वाट काढून दिली. म्हणाल्या, मावशी, वय झालं, आकडे नीट दिसत नसतील, चुकून झालं असेल.

“डोळे शाबूत आहेत, बाई. मुद्दाम केलं. तासाची दोन-दोन मिनिटं घेतली आणि पोरांना दिली.”

गणिताचे सर दारात येऊन उभे होते. त्यांनी मनगट कानाला लावलं आणि खुदकन हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, की बाई, चाळीस मिनिटांत जे डोक्यात शिरत नव्हतं, ते तीन आठवडे अडतीस मिनिटांत शिरतंय. मला वाटलं मीच सुधारलो.

मोठ्या बाईंनी खिडकीतून मैदानाकडे पाहिलं.

“मुलांचं तुम्ही बरोबर ओळखलंत,” त्या म्हणाल्या. “पण मावशी, उद्यापासून तुमच्या टोल्यावर मी विश्वास कसा ठेवू?”

मावशीने जिन्याखालून दांडा आणला आणि टेबलावर ठेवला.

मधली सुट्टी पंचवीस मिनिटांची झाली. रूळ उतरवून अडगळीत गेला, भिंतीवर आपोआप वाजणारी विजेची घंटा बसली, आणि मावशीला मैदानावर पोरांकडे लक्ष द्यायचं काम मिळालं.

पहिल्या दिवशी ती घंटा कर्कश किंचाळली, पोरं जिना उतरली, आणि मावशी मोकळे हात घेऊन मैदानाच्या कडेला नुसतीच उभी. भिंगरीने येऊन तिचा पदर ओढला. “चल, तुझ्यावर राज्य.”

मावशी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, डोळ्यांवर तळवे ठेवले आणि मोजायला लागली. शंभर झाले. मागे कोणाची तरी इवली पावलं अजून जागा शोधत घुटमळत होती. मावशीने डोळे उघडले नाहीत. एकशे एक, एकशे दोन, असं पुढे मोजत राहिली.

आता एक कबूल करते. सुट्टी पंचवीस मिनिटांची नाही झाली, वीसच झाली. वरची पाच माझ्या पदरची. पोरांच्या सुट्टीत पाच मिनिटं घातली तर कोणाच्या बापाचं काय जातं?