पन्नास स्वच्छ चौकोन

सरकारी पठारावर गॅसच्या विहिरी खोदायचं ठरलं आणि वनखात्याच्या गणतीदाराला बोलावणं आलं. पठाराच्या मधल्या पट्ट्यातून मोठी हरणं ये-जा करतात असं त्याच्या मोजणीत दिसलं, तर तेवढा पट्टा मोकळा ठेवायचा. नाही दिसलं, तर तिथंही यंत्रं.

गडी खूश! बावीस वर्षं जनावरांच्या लेंड्या मोजण्यात गेलेली, ऑफिसात सगळे फिदीफिदी हसायचे. आता दाखवतोच म्हणाला. पद्धत ठरलेली. खुंट्या ठोकून पन्नास चौकोन आखायचे, आधीच्या लेंड्या झाडून काढायच्या आणि महिन्याने जाऊन फक्त नव्या मोजायच्या. जुन्या धरल्या की घोळ होतो, हे त्यानेच साऱ्या खात्याला शिकवलेलं. चार दिवस कंबर मोडेस्तोवर त्याने झाडलं. घरी येऊन बायकोला म्हणाला, "अगं, पाय ठेवायला जागा नाही! पट्टा वाचला म्हणून समज."

"आधी हात धुवा," ती म्हणाली.

पाचव्या दिवशी गॅसच्या कंपनीने चाचणीच्या विहिरी सुरू केल्या. चाचणीची परवानगी वेगळी, आधीच घेतलेली. दिवसभर घरघर, ट्रकांची रांग. हरणांनी जी धूम ठोकली ती थेट डोंगरापलीकडे. महिन्याने गणतीदार पन्नासही चौकोन फिरला. औषधालासुद्धा लेंडी नाही!

तो साहेबांकडे धावला. "साहेब, झाडायच्या आधी भरलेले होते हो. मी स्वतः उचललंय."

"मोजलं होतंत?"

"जुन्या मोजत नाहीत ना."

"मग मी काय लिहू?" साहेबांचाही आवाज पडला होता.

बायको म्हणाली, "टाका की चार आकडे मनाने! कोण बघतंय?" त्याने दोनदा पेन उचललं, दोनदा ठेवलं. आयुष्यात खोटा आकडा लिहिला नव्हता, आताही हात धजेना. स्वतःच्याच शहाणपणाची त्याला शिसारी आली. शून्य लिहून त्याने सही केली.

सुनावणीत कंपनीच्या वकिलाने तोच कागद सगळ्यांना दाखवला. "हा माणूस खोटं लिहीत नाही, खात्यात कुणालाही विचारा," म्हणाला. साहेबांनी मान हलवली. पट्टा गेला.

बाहेर पडताना वकिलाने गणतीदाराचा हात हातात घेऊन अगदी मनापासून आभार मानले. आणि या मेल्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "असू द्या, असू द्या."