न मिटलेली वही

मंचरच्या कांद्याच्या आडतीत धर्माजीकाका एकतीस वर्षं दिवाणजी होते. मी वृषाली, पिंपळवंडीची, कॉम्प्युटर शिकलेली आणि त्याचा जरा जास्तच माज असलेली. आडतीचे मालक भरतशेठ यांनी हिशेब कॉम्प्युटरवर घेतला, तेव्हा वजनकाट्याच्या पावत्या आपोआप चढवणारा प्रोग्रॅम मी लिहिला. फाइल उघडायची, नोंदी टाकायच्या, सेव्ह करून बंद करायची.

एखाद्या चुकीच्या पावतीवर प्रोग्रॅम मध्येच कोलमडला, की बंद करणं राहून जायचं. मग राहिलेल्या पावत्या हातानं चढवायला बसलेल्या काकांना सूचना दिसायची: फाइल दुसरं कुणी वापरत आहे, तरीही उघडू?

"पोरी, आत कोन असलं तर?"

"कुणी नसतं हो काका! दाबा बिनधास्त."

काका कागदी वही मिटल्याशिवाय चहालाही उठत नसत. मी त्यांना हसायचे. माझी चूक दोन ओळींत दुरुस्त झाली असती, पण तेवढाही आळस.

एप्रिलात आवक वाढली. एका दुपारी प्रोग्रॅम खरंच फाइल उघडून बसला होता. सूचना आली, काकांनी माझं ऐकलं. बेचाळीस नोंदी हातानं टाकल्या, सेव्ह केल्या. मागाहून प्रोग्रॅमनं आपली जुनी प्रत त्यावर सेव्ह केली आणि काकांच्या नोंदी गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या नोंदी सापडेनात, तेव्हा शेठ सगळ्यांदेखत म्हणाले, "धर्माजी, वय झालं तुमचं."

"टाकल्या व्हत्या मी," काका म्हणाले. मग हळूच, "का टाकल्याच न्हाईत? ध्यान ऱ्हात न्हाई आता."

मला त्याच संध्याकाळी सगळं कळलं होतं. मी तोंड उघडलं नाही. काका आडतीत यायचे थांबले, तरीही नाही. लाज वाटते सांगायला, पण मी घाबरले होते.

तीन महिन्यांनी शेठना खरं सांगितलं आणि तशीच डिंभ्याला काकांच्या घरी गेले. प्रयागकाकूंनी चहा ठेवला. काकांच्या मांडीवर वही होती. तीत लिहिलं होतं: गोळी घेतली. दार लावलं. गाईला पाणी पाजलं.

"इसरतो म्हनून लिवतात," काकू म्हणाल्या. "आदी असं नव्हतं."

मी रडत रडत सगळं सांगितलं. काकांनी वहीवरून मान वर केली.

"मंजे मी इसरलो नव्हतो?"

"नाही काका. चूक माझी होती."

त्यांनी वही माझ्यापुढं सरकवली.

"मंग हितं लिवून दे. उद्या मला खरं वाटायचं न्हाई."