न मोजलेली तूट

मित्रांनो, मी एक जुना प्लास्टिकचा मेंदू आहे. डॉक्टरबाईंच्या टेबलावर, पेनांच्या डब्याशेजारी माझी जागा. औषध कंपनीचा एक माणूस मला फुकट ठेवून गेला. फुकट आलेल्या वस्तूकडे जरा संशयानेच पाहावे, असे माझे मत आहे, मग ती वस्तू मी स्वतः का असेना.

माझे दोन भाग होतात. आत निळे ठिपके रंगवलेले आहेत. बारा वर्षे बाई मला उघडून रुग्णांना सांगत, की हे मेंदूतले रसायन, ते कमी पडले की माणूस खचतो, आणि गोळीने तूट भरून निघते. लोक माना डोलवत, मला कौतुकाने हात लावत. मला मात्र शंका येई. माझे ठिपके कारखान्यात मोजून छत्तीस काढले होते. समोरच्या माणसाचे किती, हे कुणी मोजले होते?

एके दिवशी दुकानांतले वजनकाटे तपासणारे एक निरीक्षक आले. बोलत होती त्यांची बायको. तीन महिने हे धड जेवत नाहीत, हसत नाहीत, भिंतीकडे बघत बसतात, आणि परवा तर एक काटा न तपासताच पास केला, असे तिने सांगितले. एरवी दिसेल ती वस्तू तळहातावर तोलून वजन सांगणारा हा माणूस. बाईंनी मला उघडले, नेहमीचे सांगितले, गोळ्या दिल्या.

पंधरा दिवसांनी दोघे परत आले. निरीक्षकांनी एक गोळी कचेरीतल्या बारीक काट्यावर तोलली होती. एवढ्याशा गोळीने कुठली तूट भरणार, असे म्हणून आठव्या दिवशी पाकीट खणात टाकले होते. बायको रडकुंडीला आली होती.

"तूट आहे म्हणालात," ते खाली बघत म्हणाले. "मोजलीत कधी?"

आता बाई सारवासारव करणार, याची मला खात्री होती. त्यांनी मला मिटून बाजूला सरकवले.

"नाही मोजली. ती मोजायची तपासणी माझ्याकडे नाही. रसायनांचा यात हात असतो, पण नुसती तूट म्हणून सांगितलं, हे माझं चुकलं. नक्की काय बिघडतं ते अजून पूर्ण कळलेलं नाही. गोळीनं पुष्कळांना बरं वाटतं, पण काही आठवडे जातात. आपल्या मनानं बंद करू नका. दर आठवड्याला येऊन माझ्याशी बोला. गुण नाही आला, तर दुसरा उपाय करू."

मला वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? पण 'कळलेलं नाही' हे ऐकून निरीक्षकांनी पहिल्यांदाच मान वर केली.

त्यानंतर माझ्यावर धूळ बसू लागली. निरीक्षक बायकोबरोबर दर आठवड्याला येत. गोळी खरेच घेतात की अजून खणातच टाकतात, असा मला संशय होता. चौथ्या आठवड्यातही चेहरा तसाच होता. सातव्या आठवड्यात बाई काही लिहीत असताना निरीक्षकांचा हात सहज माझ्याकडे आला. त्यांनी मला उचलून तळहातावर दोनदा तोलले.

"दोनशे दहा ग्रॅम," ते म्हणाले. "खरा किती भरतो हो?"

"तेराशेच्या आसपास."

"मग हा चांगलाच काटा मारतोय."

बायकोने तोंडावर हात ठेवला. ती हसत होती आणि डोळे पुसत होती.

मित्रांनो, माझ्यावर खुशाल संशय घ्या, माझे ठिपके नुसत्या रंगाचे आहेत. पण कुणी म्हणाले, की मला सकाळी उठवत नाही, तर त्याच्याकडे पुरावा मागू नका. त्याच्याबरोबर डॉक्टरकडे जा आणि शेजारच्या खुर्चीत बसा. सात आठवडे लागले, तरी बसा.