रविवारची ड्युटी

"काका, पाना द्या माझा! बाळाचा सिलिंडर बदलायचाय, पाना द्या!"

कुमुदिनी सिस्टर ओरडत राहिली, पण सिलिंडर उघडायचा तो वीतभर लोखंडी पाना हणमंत भांबळांनी तिच्या हातातून हिसकावला होता, आणि पुढच्याच क्षणी तो त्यांच्या व्याह्यांच्या, सूर्यकांत साळव्यांच्या कपाळावर बसला. नारळ फोडल्यासारखा आवाज आला. रक्त भुवईवरून डोळ्यात उतरलं. सूर्यकांतरावांच्या हातातली छोटी बाटली फरशीवर फुटली आणि तिच्यातलं पाणी बाळाला ऊब देणाऱ्या वॉर्मरखाली पसरलं.

बाळ नऊशे ग्रॅमचं, तीन दिवसांचं. सातव्या महिन्यातच आलेलं. हणमंतरावांची देविका आणि सूर्यकांतरावांचा चिराग यांचा पहिला मुलगा, म्हणजे या दोघांचा नातू. गाझियाबादच्या त्या छोट्या नर्सिंग होममध्ये व्हेंटिलेटर नव्हता. दिल्लीहून व्हेंटिलेटरची गाडी अकरा वाजता यायची होती. तोवर बाळाला ऑक्सिजनवर टिकवायचं, एवढंच कुमुदिनीचं काम होतं. आता साडेदहा झाले होते. चालू सिलिंडरचा काटा लाल पट्टीत आला होता, आणि भरलेला सिलिंडर शेजारी बंद उभा होता.

भांडण कशावरून, तर पाण्यावरून. सूर्यकांतरावांच्या चर्चमध्ये तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा देतात, आणि मरणाची भीती असेल तर कुणीही विश्वासणारा तो देऊ शकतो. हणमंतरावांच्या मंडळीत, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, बाप्तिस्मा मोठेपणी घ्यायचा, समजून-उमजून, पाण्यात पूर्ण बुडून. तान्ह्यावर पाणी शिंपडणं म्हणजे त्यांच्या लेखी निव्वळ ढोंग. येशू एकच, बायबल एकच, दोघांची मराठीसुद्धा एकच, पण मुलांच्या लग्नाला दोन वर्षं झाली तरी एकाच्या प्रार्थनेला दुसऱ्याने कधी आमेन म्हटलं नव्हतं.

"चोरून? चोरून पाणी घालत होतास माझ्या नातवाला?" हणमंतराव ओरडले.

"तुझा एकट्याचा आहे का तो? साळवे आहे तो, साळवे!" सूर्यकांतरावांनी सलाइनचा स्टँड उचलला. "पोरगं मरायला टेकलंय, आणि तू मारामारी करतोस! बिल्कुल अक्कल नाही तुला!"

पाना घ्यायला कुमुदिनी मध्ये घुसली. स्टँड तिच्या उजव्या मनगटावर आदळला, तिथून नर्सरीच्या दारावर, आणि दाराची काच खळकन खाली आली. हणमंतराव पान्यासकट कॉरिडॉरमध्ये पळाले. सूर्यकांतराव रक्त पुसत त्यांच्या मागे.

सूर्यकांतरावांना आत सोडलं होतं ते तिनेच.

आई-बापाशिवाय नर्सरीत कुणालाही सोडायचं नाही, हा नियम तिने एकतीस वर्षं पाळला होता. एकदा एका आमदाराच्या बायकोला दारातून परत पाठवलं होतं तिने. पण आज सूर्यकांतराव हळूच म्हणाले होते, "सिस्टर, तुम्ही नगरच्या ख्रिस्ती ना? म्हणजे आपल्याच. दोनच मिनिटं." त्या 'आपल्याच'ने ती विरघळली होती, आणि हणमंतराव त्यांच्या मागोमाग घुसले होते. खरं तर तिला हे कळायला हवं होतं. तिचा नवरा कॅथलिक. सव्वीस वर्षं दोघं रविवारी घरातून बरोबर निघायची आणि चौकात पोहोचली की तो उजवीकडे जायचा, ती डावीकडे, आपापल्या चर्चला. शेवटी कंटाळून तिने कायमची रविवारची ड्युटी मागून घेतली. तो गेला तेव्हा त्याच्या चर्चमध्ये ती मागच्या बाकावर बसली होती. सगळे प्रभुभोजनाची भाकर घ्यायला उठले, आणि कॅथलिक नाही म्हणून, बायको असून, ती एकटी बसून राहिली. एवढं सगळं सोसूनही कुणीतरी आपली म्हटलं की जीव सुखावतोच, याचा तिला आता संताप आला.

ऑक्सिजनची फुसफुस थांबली.

तिने बाळाच्या नाकावर मास्क धरला आणि श्वास द्यायचा रबरी फुगा दाबायला सुरुवात केली. उजव्या हाताची बोटं वळत नव्हती, म्हणून मास्क कोपराने दाबून धरला आणि डाव्या हाताने फुगा. पण साध्या हवेवर ती कच्ची फुप्फुसं किती तग धरणार?

"भैया!" ती गार्डला हाका मारत होती. "वो पाना छीनो उनसे! बच्चा मर जाएगा!"

बाहेर आणखी भर पडली होती. औषधं घेऊन चिराग जिन्याने वर आला. त्याने बापाचं रक्त पाहिलं आणि सासऱ्याच्या तोंडावर ठोसा हाणला. तिघे एकमेकांना धरून जिन्यावरून गडगडत खाली गेले. औषधाच्या बाटल्या फुटल्या, कुणीतरी कण्हलं, कुणीतरी येशूचं नाव घेऊन शिवी दिली. फुग्याखालचं बाळ आधी ओठांपाशी निळं झालं, मग नखांपाशी. कुमुदिनी मोजत राहिली, दाबत राहिली.

गार्डने अखेर हणमंतरावांचा हात पिरगाळून पाना सोडवून आणला. पान्याला केस चिकटले होते. तिने डाव्या हाताने सिलिंडर उघडला, आणि काटा झटकन वर गेला. बाळाचं हृदय त्याआधीच थांबलं होतं. ती तरीही फुगा दाबत होती.

गाडी पाच मिनिटं आधीच आली. तिच्यातल्या डॉक्टरांनी बाळाला तपासलं आणि वेळ लिहून घेतली.

कॉरिडॉरमध्ये दोघे आजोबा एकाच बाकावर बसले होते. एकाच्या कपाळावर कापूस, दुसऱ्याचा पुढचा दात तुटलेला. चिराग जिन्याच्या पायरीवर डोकं धरून बसला होता.

"सिस्टर," सूर्यकांतरावांनी विचारलं, "पडलं का हो पाणी त्याच्यावर? एक थेंब तरी?"

"नाही ना पडलं?" हणमंतरावांनीही लगेच विचारलं.

दोघांच्याही थोबाडीत द्यावी असं तिला वाटलं. हात चालला असता तर दिलीही असती.

"उठा," ती म्हणाली. "त्याला धुवून आईकडे द्यायचंय. माझा हात तुम्ही मोडलात. आता तुमचे हात द्या."

दोघे काचांवरून पाय टाकत आत आले. तिने तसराळं पुढे सरकवलं.

"पाणी कुठलं?" सूर्यकांतरावांनी विचारलं.

"नळाचं."

तिने बाळाच्या गालावरच्या चिकटपट्ट्या काढल्या. हणमंतरावांनी तळहातावर डोकं तोललं. ते मोसंबीएवढं डोकं पाहून त्यांच्या तोंडून हुंदका फुटला. सूर्यकांतरावांनी ओंजळीने पाणी घातलं. त्यांचे ओठ हलू लागले तेव्हा कुमुदिनीने नुसतं त्यांच्याकडे पाहिलं, आणि ते हलायचे थांबले. सुईच्या जागचं रक्त निघालं, टाळूवरचं जावळ धुतलं गेलं.

पलीकडच्या खोलीत देविका पलंगावर उठून बसली होती. मधल्या भिंतीतून तिने सगळं ऐकलं होतं. कुमुदिनीने गुंडाळलेलं बाळ तिच्या मांडीवर ठेवलं.

"केस ओले कसे याचे?"

"आंघोळ घातली."

"कोणी?"

कुमुदिनीने दाराकडे पाहिलं. दोघे तिथे उभे होते, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या.

"दोघांनी," ती म्हणाली.

देविकाने मान वर केली नाही.

"त्यांना बाहेर काढा, सिस्टर," ती म्हणाली, आणि ओढणीच्या टोकाने बाळाचे केस पुसू लागली.