चालून मिळवलेली खुर्ची

गेल्या वर्षी चालण्याच्या स्पर्धेत थोरल्या जाऊबाई पहिल्या आल्या, तेव्हा धाकटीच्या डोक्यात जी तिडीक गेली ती गेलीच.

वस्तीतल्या डॉक्टरांनी घरोघर मनगटी पट्टे वाटले होते. पट्टा पावलं मोजणार, दिवसाचं चालणं झालं की वाजून शाबासकी देणार, आणि सगळ्यांत जास्त चालेल त्याला आरामखुर्ची. चालण्याचं बक्षीस बसायला! पण शिवणाच्या मशीनवर वाकून धाकटीच्या कंबरेचे तीनतेरा वाजले होते. त्या खुर्चीपायी ती भर उन्हात वणवण हिंडली आणि दुसरी आली. थोरली पट्टा आपल्या कुत्र्याच्या पायाला बांधून घोरत पडायची. धाकटीने हे डोळ्यांनी पाहिलं, डॉक्टरांच्या कानावर घातलं. डॉक्टर हसले. "हरल्यावर असंच वाटतं हो, वहिनी."

मग वर्षभर समोरच्या गॅलरीतून, खुर्चीत रेलून, थोरली ओरडायची, "अगं, जरा चालत जा! बघ कशी फुगलीयेस!"

यंदा धाकटीने स्वतःचा पट्टा खुंटीला टांगला. दोऱ्याची रिकामी रिळं घेतली आणि गॅलरीतून अंगणात भिरकावायला लागली. कुत्रं रिळामागे सुसाट.

"किती लाड करतेस गं त्याचे!" थोरली खूश.

"तेवढाच माझ्या हातांना व्यायाम, ताई."

निकालाच्या दिवशी डॉक्टरांचे डोळे पांढरे झाले. "बाईंनी तर घोड्यालाही मागे टाकलं!"

सगळ्यांत जोरात टाळ्या धाकटीच्या. वर साखर पेरली, "डॉक्टर, उद्या ताईंनीच आम्हाला टेकडीवरच्या टाकीपर्यंत न्यावं. आम्हीही शिकू की चालायला!"

अख्खी वस्ती "हो, हो" करत उठली. थोरलीला नाही म्हणायची सोयच उरली नाही.

सकाळी उठल्या उठल्या पट्टा कुत्र्याच्या पायाला बांधायचा, मग चहा टाकायचा, ही थोरलीची सवय. त्याही सकाळी हात आपसूक चालले.

पहिल्याच चढावर तिने बसकण मारली. "पाय मुरगळला गं बाई!"

धाकटीने पिशवीतून एक रीळ काढलं आणि वर भिरकावलं. थोरलीच्या मागोमाग आलेलं कुत्रं उधळलं, गर्दीच्या मधोमध आलं, आणि त्याच्या पायातून पिपाणी वाजली. "शाब्बास! आजचं चालणं पूर्ण!"

डॉक्टर कुत्र्याकडे बघत राहिले, मग थोरलीकडे. "बाई, मनगट दाखवा."

थोरलीने बाही ओढून बोटांपर्यंत आणली.

"म्हणजे गेल्या वर्षीची खुर्ची वहिनींची," डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले.

"मग माझी खुर्ची इथंच मागवा. ताई बिचाऱ्या घरी कशा जाणार?"

चौघांनी खुर्ची वर आणली, थोरलीला तिच्यात घातलं आणि उचललं. जवळची वाट सोडून धाकटीने वरात भर बाजारातून काढली. न्हावी अर्धी दाढी सोडून बाहेर आला. धाकटी खुर्चीशी वाकली, पण आवाज चांगला खणखणीत काढला, "जरा चालत जात जा हो, ताई! उचलणाऱ्यांच्या कंबरा गेल्या!"

संध्याकाळी खुर्ची धाकटीच्या गॅलरीत लागली, थेट थोरलीच्या नाकासमोर. धाकटी बसायला गेली, तर आत कुत्रं तंगड्या पसरून झोपलेलं. तिने समोर पाहिलं. थोरली पडद्याआडून बघत होती.

कंबर ठणकत होती, तरी धाकटी उभीच राहिली.

"झोप रे राजा," ती मोठ्याने म्हणाली. "तुझ्या कष्टाची आहे."