टिळ्याएवढी जागा

वाळूजच्या शेडमध्ये ज्योत यायची, ज्योत जायची. दहा सेकंद आग, मग तांब्याच्या तुकड्याच्या पोटातून धावणारं गार पाणी, पुन्हा आग. असे हजार फेरे त्या तळहाताएवढ्या तुकड्यानं सोसायचे होते. पुढं तो ज्या अणुभट्टीत बसणार, तिथं सूर्यासारखी आग कोंडायची होती.

विशाखा उष्णता दाखवणाऱ्या पडद्यावरून नजर हलवत नव्हती. तांब्यावरचा टंगस्टनचा लेप बन्सीकाकांनी हातातल्या फवारणीच्या गननं चढवलेला. साहेबांनी सांगूनच टाकलं होतं : दोन्ही तुकडे टिकले तर गन काकांकडं, नाहीतर यंत्र येईल आणि काका पॅकिंगला जातील. पहिला कालच टिकला होता.

आठशे बाराव्या फेऱ्याला पडद्यावर एक पांढुरका ठिपका उमटला.  मागं काका उभे होते, त्यांचा श्वास तिला ऐकू येत होता. नऊशेला ठिपका उजळला. नऊशे अडुसष्टला तिथली खपली उडाली. विशाखानं ज्योत बंद केली.

साहेब वाकून बघत म्हणाले, काकांचा हात आता कापायला लागलाय, वय झालं.

विशाखानं तुकडा भिंगाखाली धरला. बाकी लेप नव्या पत्र्यासारखा घट्ट. फक्त मधोमध एक गोल. कापऱ्या हाताची चूक अशी गोल नसते. तिनं काकांकडं पाहिलं. काकांनी मान खाली घातली, मग उजवा अंगठा त्या गोलावर टेकवला. तंतोतंत बसला.

"हात नाय कापला, ताई," काका म्हणाले. "कुंकू लावलं व्हतं मी. खंडेनवमीला."

"उघड्या तांब्यावर?"

"गनला लावलं, कॉम्प्रेसरला लावलं. ह्यो एकटाच राह्यला व्हता बिचारा. तेलातलं कुंकू. लगेच पुसलं, लई घासून पुसलं."

साफ केलेल्या तांब्याला उघडं बोट लावायचं नाही, तेलकटावर लेप धरत नाही, हा नियम नव्या पोरांना काकांनीच शिकवलेला. काका गप्प राहिले असते, तर नुसता वयावर बोल आला असता; आता नियम मोडल्याचा ठपका आला.

 साहेब म्हणाले, चूक नोंदवहीत लिहा, तुमच्याच नावानं. आणि ह्याच्या जागी नव्या तुकड्यावर लेप मारा. आजच.

काकांनी कोपरापर्यंत हात धुतले. विशाखानं हातमोजे पुढं केले. गनच्या दांड्यावर खंडेनवमीचं कुंकू अजून होतं. त्याला धक्का न लावता काकांनी गन उचलली.